देहाचा सातबारा

मराठवाड्यातल्या कोणत्याही जुन्या शेतकरी घरात जाऊन जमिनीचे कागद मागावेत. घरातली वडीलधारी बाई उठते, कनवटीची किल्ली काढते आणि पत्र्याच्या पेटीच्या तळातून एक कापडी पुडके बाहेर येते. त्यात निजामाच्या अमदानीतले उर्दू कागद असतात. ते वाचणारा माणूस आता शोधून आणावा लागतो. त्यावर पहाणीपत्रके, फेरफारांच्या नकला आणि सगळ्यांत वर कालपरवा संगणकावरून काढून आणलेला सातबारा. पणजोबांनी कोणता तुकडा कोणाला विकला, विहिरीत कोणाचा किती हिस्सा, सोसायटीचा बोजा कधी चढला नि कधी उतरला, सारे तिथे लिहिलेले असते. जमिनीला स्वतःला काही सांगता येत नाही, म्हणून माणसाने तिच्यासाठी एवढी लिखापढी करून ठेवली आहे.

किंवा नाशकास जावे. तिथला क्षेत्रोपाध्याय आपले गाव नि आडनाव विचारतो, लांबोळक्या वहीची पाने उलटतो आणि आपल्या खापरपणजोबांचे नाव, त्यांच्या भावांची नावे, ते कोणाच्या अस्थी घेऊन आले होते, हे खडाखड वाचून दाखवतो. मी ऐकले तेव्हा अंगावर काटा आला. आमच्या घरी ज्यांचे नाव कोणाला ठाऊक नव्हते, ते गृहस्थ परक्या गावी एका वहीत सुखरूप बसले होते.

आता त्याच शेतकऱ्याला विचारावे की, बाबा, तुझा रक्तगट कोणता? कोणते औषध अंगाला मानवत नाही? मागच्या साली दवाखान्यात होतास तेव्हा डॉक्टरांनी नेमके काय निदान केले? तो मोठ्या विश्वासाने भिंतीकडे बोट दाखवतो. तिथे खुंटीला पिशवी लटकत असते.

ही पिशवी महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरी आहे. ती बहुधा साडीच्या दुकानातली असते आणि तिच्यावर नऊवारी नेसलेली एक बाई हसत असते. आत कागदांचा खच. त्यांत क्रम नाही, वर्षांचा मेळ नाही. आजोबांच्या छातीचा एक्स-रे आणि नातवाच्या कावीळीची चिठ्ठी एकमेकांना चिकटून बसलेली. बिलांवरची शाई उडून गेलेली. औषधांच्या चिठ्ठ्यांवर असे अक्षर की लिहिणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी लागू नये. आमच्या पिशवीत माझ्या आईचा एक एक्स-रे पुष्कळ वर्षे होता. १९९५ साली ऐन दिवाळीत सूर्यग्रहण आले, तेव्हा वाड्यातल्या पोरांनी तो पळवला आणि आईच्या बरगड्यांतून ग्रहण पाहिले. (तसे पाहणे डोळ्यांस घातक असते, ते निराळे.) तो परत आला नाही, आणि त्याची आठवण कोणाला झाली नाही, कारण त्याआधीही तो कोणी पाहत नव्हते.

आमचे वाटूर हे जालना जिल्ह्यातले, परतूर तालुक्यातले गाव. बाहेरच्या माणसाला ते ‘वाटूर फाटा’ म्हणूनच माहीत असते. जालन्याहून मंठ्याकडे जाणारा रस्ता इथून जातो आणि परतूरचा रस्ता इथेच फुटतो. फाट्यावरच्या गावाला एक गुण असतो: कुठेही जायचे तरी इथूनच वाट. आजारी माणसालाही हेच लागू. साध्या तापाला गावातच सुई मिळते. त्याहून जास्त झाले तर परतूर किंवा मंठा. आणखी जास्त झाले तर जालना. आणि जालन्याचे डॉक्टर मान हलवू लागले की तिथून साठेक किलोमीटरवरचे छत्रपती संभाजीनगर, ज्याला आमच्या पिढीच्या तोंडी अजून औरंगाबादच येते. एका दुखण्यात माणूस चार दवाखाने ओलांडतो. प्रत्येक ठिकाणी नवा कागद होतो, जुन्याकडे कोणी बघत नाही, आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच, “काय होतंय?”

आमचा हा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचे नाणे वेगळे होते. हाली सिक्का म्हणत त्याला. इंग्रजी मुलखातला कलदार रुपया निराळा. सरहद्द ओलांडून बाजाराला जाणाऱ्याला सराफाकडे बट्टा देऊन पैसे बदलून घ्यावे लागत. हे माझे वडील सांगत, तेव्हा मला ती एखादी कहाणी वाटे. हल्ली वाटत नाही. एका दवाखान्यात काढलेली रक्ताची तपासणी दुसऱ्यात चालत नाही. तिथे ती पुन्हा काढावी लागते, आणि बट्टा भरायचा तो रोग्याने. हाली रुपया केव्हाच गेला, पण प्रत्येक इस्पितळ आपल्यापुरते संस्थान होऊन बसले आहे.

तीन वर्षांमागे पावसाळ्याच्या अखेरीस आमचे दादा रात्री अंगणात घसरून पडले. डोक्याला मार लागला, पण रक्त फारसे आले नाही. उठून बसले, पाणी प्याले, आणि तासाभराने बोलता बोलता त्यांचे शब्द वेडेवाकडे येऊ लागले. एकशेआठला फोन केला. २०१४ पासून ही गाडी आपल्या राज्यात धावते आहे आणि तिच्याविषयी कोणी काही बोलो, त्या रात्री ती आली. वहिनींनी निघताना खुंटीवरची पिशवी आठवणीने घेतली. त्या बाईचे मला फार कौतुक वाटते. नवरा अर्धवट शुद्धीत आणि हिच्या काखोटीला पिशवी.

जालन्यात एका दवाखान्यात मेंदूचा फोटो काढला. आत रक्तस्राव आहे, इथे होणार नाही, पुढे न्या, असे सांगितले. तीन ओळींची चिठ्ठी आणि फोटोची तबकडी घेऊन आम्ही दुसऱ्या गाडीने संभाजीनगरला पोहोचलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. तिथल्या यंत्रात ती तबकडी उघडेना. दोनदा पुसून घातली, तिसऱ्यांदा घातली, यंत्र ढिम्म. मग फोटो पुन्हा काढायचे ठरले. मी मनात म्हटले, हाली सिक्का.

रात्रपाळीला एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी फोटोची वाट न बघता वहिनींना विचारले, “हे रक्त पातळ करायची गोळी घेतात का?”

वहिनी म्हणाल्या, “घेतात की. हृदयाचे ठोके बेताल पडतात म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी दिलीय. बारकी असती. अन् एक गुलाबी असती.”

“नाव काय गोळीचे? किती घेतात?”

पिशवी टेबलावर पालथी केली. चाळीस-पन्नास कागद निघाले. दादांच्या १९९८ सालच्या हर्नियाचा कागद निघाला, माझ्या पुतणीच्या गोवराची चिठ्ठी निघाली, वीजबिल निघाले. पुण्याची चिठ्ठी तेवढी नव्हती. ती पुतण्याच्या मोबाइलमध्ये होती. गेल्या वेळी त्यानेच दाखवायला नेले होते. पुतण्या पुण्यास कारखान्यात रात्रपाळीवर, आणि कामावर मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. दादांच्या घशातून आवाज येत होता तो अजून माझ्या कानांत आहे.

मला एकदम आमच्या फाट्यावरचा औषधाचा दुकानदार आठवला. माझाच जुना विद्यार्थी. अभ्यासात बेताचा, पण अक्षर मोत्यासारखे. रात्री पाऊण वाजता फोन लावला. दुसऱ्या घंटेला उचलला.

“गुरुजी, काय झालं?”

“अरे, दादा कोणती गोळी घेतात रक्त पातळ व्हायची?”

“थांबा. शटर उघडतो. फोन ठिवू नका.”

त्याचे घर दुकानाच्या मागेच. मला शटर सरकल्याचा आवाज ऐकू आला, मग पाने उलटल्याचा. उधारीची वही! दादांच्या नावावर महिनाकाठी काय गेले, हे त्यात तारखेनिशी होते. त्याने गोळीचे नाव वाचले, तिची ताकद वाचली, आणि म्हणाला, “एक दिवस अख्खी, एक दिवस अर्धी. वहिनींनी मागच्या आठवड्यात विचारलं होतं तवा मीच सांगितलं. अन् गुरुजी, दुखण्याची एक गोळी पण नेली होती त्यांनी चार दिवसांमागं. ती बी सांगा डॉक्टरला.”

मी फोन डॉक्टरबाईंच्या हातात दिला. त्या ऐकत होत्या आणि दुसऱ्या हाताने परिचारिकेला खुणा करत होत्या. वॉरफरिन नावाचे ते औषध. त्याने रक्त गोठण्याची क्रिया मंदावते, आणि डोक्यात रक्तस्राव झाला तर ते थांबायचे नाव घेत नाही. त्यावर उतारा आहे: ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन आणि दुसऱ्याच्या रक्तातला द्रव भाग. पुढे चार दिवसांनी बाई मला म्हणाल्या की, रक्ताच्या चाचणीत ते कळलेच असते, पण अर्धा-पाऊण तास गेला असता. आणि त्या दुखण्याच्या गोळीचे तर कधीच कळले नसते. ती गोळी पहिल्या गोळीचा जोर वाढवते म्हणे. दादा वाचले. डावा पाय थोडा ओढतात आणि ‘र’ म्हणताना अडखळतात. पूर्वी भजनात त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर असे. आता ते टाळ धरतात.

गावात त्या वहीची फार वाखाणणी झाली. दुकानदाराला शाल-नारळ द्यावा असेही निघाले. मीही त्याच मताचा होतो. पण पारावर हा विषय चालला असता एक बाई, मी त्यांचे नाव घेणार नाही, उठून चालत्या झाल्या. त्यांच्या नणंदेच्या मुलीला लहानपणी फेफऱ्याचे झटके येत. औषधाने ते थांबले होते. मुलगी शिकली, नोकरीला लागली, सोयरीक जुळली. आणि कुठल्याशा गावच्या, कुठल्याशा औषधाच्या दुकानात मुलाकडच्या एका माणसाला सहज बोलता बोलता कळले की या घरी फिटच्या गोळ्या जातात. सुपारी परत आली. तिथेही कोणी वैऱ्याने काही केले नव्हते. एक वही होती आणि ती ज्याला वाचता येत होती त्याने ती वाचली, इतकेच.

एकाच प्रकारच्या वहीने एका घरचा माणूस वाचवला आणि दुसऱ्या घरचे लग्न मोडले. तेव्हापासून या विषयावर मला कोणी ‘सगळे उघडे करा’ म्हणाला की ती मुलगी आठवते, आणि ‘सगळे झाकून ठेवा’ म्हणाला की ते शटर सरकल्याचा आवाज ऐकू येतो. सातबारा कोणीही काढावा, चावडीवर वाचावा. माझ्या जमिनीवर किती बोजा आहे हे कळल्याने माझे फारसे बिघडत नाही. पण माझ्या शरीरावरचा बोजा डॉक्टराला दिसावा आणि व्याह्याला दिसू नये, असे मला वाटते. यात लबाडी आहे असे काहींना वाटेल. मला तशी वाटत नाही. लपवण्यासारखे ते काही नसते. पण आपल्याकडे क्षय, फेफरे, कोड, मनाचे आजार यांची नावे अजून शिव्यांसारखी उच्चारतात, तोवर झाकण्याचा हक्क हाही औषधाचाच एक भाग आहे. एड्सच्या बाबतीत तर संसदेने २०१७ साली कायदाच केला की रोग्याची ती माहिती त्याच्या संमतीवाचून बाहेर जाऊ नये, आणि त्याला जे थोडे अपवाद ठेवले तेही तोलूनमापून.

आमच्या भागात दिवाळी ही दोन तऱ्हांची असते. ज्यांना शेत आहे त्यांची फराळाची, आणि ज्यांना नाही त्यांची बिऱ्हाड बांधण्याची. कारखान्यांचे गाळप सुरू होण्याच्या सुमारास परतूर, मंठा, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयता म्हणजे हत्यार नव्हे, माणसांची जोडी! पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जायचे, उसाच्या फडाजवळ कोपी घालायची, आणि पाच-सहा महिन्यांनी परतायचे.

या लोकांची पिशवी कोणी पाहिली आहे काय? गर्भार बाईजवळ सरकारने दिलेले माता-बाल संरक्षण कार्ड असते. त्यावर तिचा रक्तगट, रक्तातले लोहाचे प्रमाण, धनुर्वाताच्या सुया, सारे लिहिण्याची जागा आहे. फार चांगली योजना आहे ती: रोग्याने आपली नोंद आपल्याच हाती बाळगावी. पण आमच्या वस्तीवरच्या आशाताई सांगतात, पुष्कळ बाया ते कार्ड घरी सासूजवळ ठेवून जातात. कोपीत पाऊस येतो, विस्तव असतो, उंदीर असतात. कार्ड खराब झाले तर परत आल्यावर कोण विचारील? म्हणजे ज्या सहा महिन्यांसाठी ते कार्ड लागायचे, तेच सहा महिने ते वाटुराच्या पेटीत सुरक्षित असते. आणि तिकडे रात्री बाईच्या पोटात कळा सुरू झाल्या की सांगलीकडच्या डॉक्टराने पहिल्यापासून सुरुवात करायची.

क्षयाच्या रोग्याचे तर आणखी चमत्कारिक. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा, आणि गाळपाचा हंगामही जवळजवळ तेवढाच. माणूस गोळ्या घेऊ लागतो, महिन्याभरात खोकला थांबतो, उचल घेतलेली असते म्हणून तो कोयता घेऊन जातो. अर्धवट सोडलेला क्षय पुढे औषधांना दाद देईनासा होतो. यासाठी सरकारने २०१२ पासून ‘निक्षय’ नावाची नोंदवही संगणकावर ठेवली आहे, आणि तिच्यात रोग्याची नोंद एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पाठवता येते. इथल्या आरोग्य कर्मचाऱ्याने पाठवले आणि तिकडच्याने बघितले तर गोळी फडापर्यंत पोहोचते. दोन माणसे हवीत, एक इकडे नि एक तिकडे. यंत्र मधले अंतर तेवढे काढते.

ऊसतोडीच्या बायांपैकी कोणाला ‘ऑपरेशन कसले झाले’ विचारले तर त्या म्हणतात, “पिशवी काढली.” ही पिशवी म्हणजे गर्भाशय. २०१९ साली बीडकडच्या बायांच्या अशा शस्त्रक्रियांचा बभ्रा झाला आणि सरकारने चौकशीसाठी समिती नेमली. मला अशी एक बाई ठाऊक आहे. वय पस्तिशीच्या आत. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली की ठेवली, यावर पुढच्या आयुष्यातली तिची हाडे नि तिची प्रकृती अवलंबून. तिला ते सांगता येत नाही. कागद होता, तो मुकादमाकडे बिलासाठी दिला, तो परत आला नाही. तिच्या शरीरातून काय गेले याचा दाखला कोणाच्या तरी हिशेबाच्या फायलीत असेल; तिच्यापाशी नाही.

जगाने या गोष्टीचा विचार उशिराच केला, असे म्हणावे लागते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी एकोणिसाव्या शतकात तक्रार केली होती की इस्पितळांतल्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहण्याजोग्या नसतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हेन्री प्लमर यांनी १९०७ साली प्रत्येक रोग्याला एक क्रमांक आणि एकच दप्तर अशी रीत घातली. तोवर तिथेही प्रत्येक डॉक्टराची वही वेगळी असे. एकाच इमारतीतल्या डॉक्टरांना एक कागद वापरायला शिकवणे हा त्या काळी शोध ठरला, यात हसण्यासारखे काही नाही. आपल्याकडे तो अजून सर्वत्र पोहोचायचा आहे.

आणि आपल्या मुंबईचीच एक गोष्ट आहे, ती प्रत्येक मराठी घरी ठाऊक असायला हवी. १९५२ साली डॉ. य. म. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध नियतकालिकात एका नव्याच रक्तप्रकाराचे वर्णन छापले. त्याला जगभर ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणतात. ‘अ’ आणि ‘ब’ या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात तो पायाच या रक्तात नसतो. नेहमीच्या वरवरच्या तपासणीत ते ‘ओ’ दिसते. पण त्या माणसाला ‘ओ’ रक्त दिले तर जीव धोक्यात येतो. त्याला त्याच्यासारख्याचेच रक्त लागते. आपल्या देशात असे लोक दहा हजारांत एखादा, असे सर्वसाधारणपणे मानतात. म्हणजे आमच्यासारख्या गावात कदाचित एखादा, आणि त्याला स्वतःला पत्ताही नसायचा. समजा, त्याचे रक्त एकदा पुण्यास तपासले गेले आणि तिथे हे ध्यानात आले. उद्या त्याला मंठ्याच्या रस्त्यावर अपघात झाला तर पुण्याच्या त्या नोंदीचा उपयोग काय? रक्तपेढीत जुळवणी करताना गाडे अडते, मग शोधाशोध सुरू होते. अशा रक्तदात्यांच्या याद्या ठेवून रात्री-अपरात्री एकमेकांना कळवणारी स्वयंसेवक मंडळी महाराष्ट्रात आहेत. त्यांचे काम आमच्या दुकानदाराच्या वहीच्याच जातीचे.

मोठ्या संकटात तर कागद आधी बुडतो. २००५ च्या २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. माझी मामेबहीण कलिन्याला तळमजल्यावर राहत होती. तिच्या मधुमेहाच्या दहा वर्षांच्या कागदांचा पाणी ओसरल्यावर लगदा झाला होता. ती म्हणे, पापड लाटता आले असते. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडवले. तिथेही खाजगी डॉक्टरांच्या फायली कुजल्या. पण निवृत्त सैनिकांच्या सरकारी इस्पितळांच्या नोंदी संगणकावर होत्या. ती माणसे दुसऱ्या राज्यात आश्रयाला गेली तरी तिथल्या डॉक्टरांना त्यांची औषधे दिसू शकली. आम्ही मराठवाड्यातल्या माणसांनी १९९३ च्या ३० सप्टेंबरची पहाट पाहिली आहे. ज्या घराखाली माणूस, त्याच घराखाली त्याची पिशवी.

आता आपल्याकडेही सरकारने ‘आभा’ आणली आहे. चौदा आकडी क्रमांक. २०२० साली थोड्या प्रदेशांत सुरुवात झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ ला ती देशभर लागू केली. मला आधी वाटले होते की दिल्लीत एक अवाढव्य कपाट असेल आणि त्यात आपणा सगळ्यांच्या फायली. तसे नाही. कागद ज्या दवाखान्यात झाला तिथेच राहतो. क्रमांक हा नुसता दोरा, सगळ्यांना ओवणारा. दुसऱ्या डॉक्टराला पाहायचे असेल तर तो मागणी करतो, रोग्याच्या मोबाइलवर ती येते, आणि रोगी हो म्हणाला तरच, तो म्हणेल तितकेच आणि तितक्याच मुदतीपुरते दिसते. दिलेली संमती मागे घेता येते. हे वाचले तेव्हा फेफऱ्याच्या त्या मुलीसाठी मला बरे वाटले. दुकानाच्या वहीला अशी सोय नव्हती.

शंका नाहीत असे नाही. सगळे यंत्रावर गेले की यंत्र रुसल्यावर काय? नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्ससारख्या इस्पितळाचे संगणक चोरट्यांनी बंद पाडले आणि पुष्कळ दिवस तिथे हाताने चिठ्ठ्या लिहिण्याची पाळी आली. लहान दवाखान्यांतून तर अजून संगणकच नाही. असला तर त्यावर बिले होतात. आणि सगळ्यांत मोठी अडचण ही की बेशुद्ध माणूस हो कसे म्हणणार? २०२३ साली माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्यात जिवावर बेतलेल्या प्रसंगी संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा ठेवली आहे. कायद्याने दार उघडते खरे. पण रात्री एक वाजता किल्ली कोणाच्या खिशात असते, हा प्रश्न उरतोच. आमच्या घरच्या मोबाइलची गोष्ट सांगितलीच आहे.

गेल्या उन्हाळ्यात गावात आभा कार्डांचे शिबिर भरले. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर टेबल, त्यावर संगणक आणि एक चुणचुणीत मुलगा. दादा नि वहिनी रांगेत, मी त्यांच्यासोबत. दादांनी आधी बराच घोळ घातला. त्यांना पाहिजे होते की ‘इतर हक्का’च्या रकान्यात वहिनींचे नाव लागावे, सातबाऱ्यावर लागते तसे. मुलगा म्हणाला, “आजोबा, असा रकाना इथं नाही.” दादा म्हणाले, “मग कशाचा सातबा...ब्बारा?” वहिनींनी त्यांना बाजूला बसवले.

मुलाने विचारले, “मोबाइल नंबर कोणता जोडायचा? ह्याच्यावर मेसेज येईल, तो सांगितल्याशिवाय कागद उघडणार नाही. मुलाचा देताय का?”

वहिनींनी क्षणभर विचार केला. “मुलाचा नगं,” म्हणाल्या, “त्यो रातपाळीला असतो.”

“मग तुमचा?”

“माझ्या फोनला रेंज न्हाई घरात. लिव्हा तुमी,” आणि त्यांनी फाट्यावरच्या औषधवाल्याचा नंबर सांगायला सुरुवात केली.

मुलगा हात थांबवून माझ्याकडे बघू लागला. “काकू, घरातल्याच माणसाचा द्यावा लागतो. हे कोण तुमचे?”

“कोण म्हंजे? रात्री पाऊण वाजता फोन उचलतो त्यो,” वहिनी म्हणाल्या, आणि उरलेले चार आकडे त्यांनी सावकाश, एकेक करून सांगितले.